जुन्या सेडानला मोठी चाकं बसवताय? माप काढण्यापासून नट कसण्यापर्यंत सगळं

गाडी जुनी आहे पण इंजिन अजून ठणठणीत, विकायचं मन होत नाही, टायर तर बदलायचेच आहेत, मग त्यासोबत रिमपण मोठे करून टाकू असा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो आणि पहिली गोष्ट काय करतात तर रविवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसला जाऊन उभे राहतात. तिथे भिंतीवर चकचकीत अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे रिम, टांगलेले असतात, दुकानदार म्हणतो "साहेब, सोळाचे टाका, काय दिसेल गाडी", आणि तासाभरात गाडी सोळा इंचावर उभी. मग पहिल्या स्पीड ब्रेकरला मागून खर्र आवाज. त्यामुळे दुकानात जायच्या आधी सगळे आकडे घरी कागदावर काढा, दुकानात फक्त खरेदी आणि फिटिंग करायला जा. आणि माझं मत आत्ताच सांगतो, मुंबईत रोज चालवायच्या जुन्या सेडानला मूळ मापापेक्षा एक इंच मोठं रिम बस झालं. दोन इंच फोटोत छान दिसतं, पेव्हर ब्लॉकवर नाही.

आधी गाडी खालून बघा

नवीन चाकांवर पैसे घालायच्या आधी शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग एका ओळखीच्या मेकॅनिककडून रॅम्पवर बघून घ्या. मोठं चाक म्हणजे बहुतेक वेळा जास्त वजन, आणि ढिल्या सस्पेन्शनवर जास्त वजन टाकलं की जो खडखडाट आत्ता फक्त खड्ड्यात येतो तो सगळीकडे येणार. बोनेटचा कोपरा दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहिली तर शॉकअप गेले. जुन्या टायरची आतली कडा जास्त झिजलेली असेल तर अलाइनमेंट तरी बिघडलंय नाहीतर बुश संपलेत, तेही आधी करा, नाहीतर नवे महागडे टायर तसेच खाल्ले जातील.

अजून एक बघायचं म्हणजे स्प्रिंग बसलेत का. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने चारही बाजूंना मोजा. डावी-उजवी बाजू सारखी यायला हवी. पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत, त्यात मागे सीएनजीची टाकी असेल तर, मागची बाजू बसलेलीच असते, आणि टायर घासतो तो तिथेच.

कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा आहे पण वगळू नका. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर टायर साइज आणि प्रेशरचा स्टिकर असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच मॉडेलना कंपनीनेच दोन मापं दिलेली असतात, साध्या व्हेरिएंटला लहान आणि टॉपला मोठं. २०१२ नंतरच्या डिझायरचंच बघा, खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ (हे आकडे कसे वाचायचे ते पुढे सांगतो). मारुतीच्याच एसएक्स४ ला १९५/६५ आर १५ आणि २०५/६० आर १६. तुमच्या गाडीचं असं असेल तर डोकं लावायची गरजच नाही, टॉप व्हेरिएंटचं माप घ्या, कंपनीने सगळी टेस्टिंग करून ठेवलीय, कोणी विचारलं तरी सांगायला तोंड आहे.

कंपनीच्या यादीत नसलेलं माप घालत असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा, मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल चालत नाही असं जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एक इंच मोठं पण मडगार्डच्या आत असलेलं चाक रस्त्यात सहसा कोणी मोजत बसत नाही, पण बाहेर आलेला टायर लांबूनच दिसतो. इन्शुरन्सवाल्याला मात्र अलॉय घातल्याचं लेखी कळवा, म्हणजे क्लेमच्या वेळी फाटे फुटणार नाहीत.

आणि जुन्या गाडीवाल्यांसाठी खास, १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली जे तुमचं आरटीओ असेल तिथे गाडी तपासणीला न्यावी लागते. त्यासाठी मूळ रिम आणि मूळ नट विकू नका. भंगारवाला देणार ते चार पैसे, त्यापेक्षा गॅलरीत पडू दे.

टायरचं गणित

टायरवर लिहिलेलं १७५/६५ आर १४ म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १४ इंच. पूर्ण चाकाचा व्यास काढायचा तर रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉल दोनदा मिळवायची. मुंबईत अजून भरपूर दिसणारी २००३ ते २००८ ची होंडा सिटी घेऊ, तिला हेच १७५/६५ आर १४. साइडवॉल आली ११४ मिलिमीटर आणि व्यास ५८३.

आता पर्याय. १९५/५५ आर १५ चा व्यास ५९५.५, म्हणजे २.१ टक्के जास्त, साइडवॉल १०७. १८५/६० आर १५ चा व्यास ६०३, जवळपास साडेतीन टक्के जास्त, साइडवॉल १११. १८५/५५ आर १५ चा ५८४.५, व्यास जवळजवळ मूळचाच पण साइडवॉल १०२ वर आली. आणि दुकानदाराचा लाडका १९५/४५ आर १६, व्यास ५८२, कागदावर एकदम परफेक्ट! फसायला होतं ते इथेच. साइडवॉल राहिली फक्त ८८ मिलिमीटर, म्हणजे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये मूळच्यापेक्षा अडीच सेंटिमीटर रबर कमी. जुलैमध्ये पाण्याखाली झाकलेला खड्डा किंवा उखडलेला पेव्हर ब्लॉक लागला की रिमला वाक नाहीतर टायरला फुगा, आणि साइडवॉलला आलेला फुगा रिपेअर होत नाही, टायर सरळ फेकायचा.

शिवाय लोड इंडेक्स. मापाच्या पुढे ८२टी, ८५व्ही असं काही लिहिलेलं असतं त्यातला आकडा म्हणजे एका टायरने किती वजन उचलायचं. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, आणि ८० म्हणजे ४५०. मूळ टायर ८२ चा असेल आणि त्या १९५/४५ आर १६ वर ८० लिहिलेलं असेल तर तुम्ही मोठं चाक घालून ताकद कमी केलीत. गणपतीत पाच माणसं आणि डिकी भरून कोकणात जाताना हा फरक कागदावरचा राहत नाही. नियम साधा ठेवा, लोड इंडेक्स मूळ आकड्याइतका किंवा जास्त, कमी कधीच नाही. अक्षर म्हणजे स्पीड रेटिंग, टी १९० पर्यंत, एच २१०, तेही मूळच्यापेक्षा खाली नको.

व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा असा सर्वसाधारण दंडक आहे. व्यास वाढला की मीटर कमी स्पीड दाखवतो, २.१ टक्क्यांना मीटरवरच्या १०० ला खरे १०२. कोस्टल रोडवर नाहीतर एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत, तेव्हा एवढं लक्षात असू द्या. गिअरिंगही तेवढंच लांब होतं, त्या सिटीच्या ७७ पीएसच्या इंजिनला एसी लावून फ्लायओव्हर चढताना ते थोडंसं जाणवतं. फायदा असा की व्यास जितका वाढला त्याच्या निम्मी गाडी वर उचलली जाते, १९५/५५ ला सहा मिलिमीटर, १८५/६० ला दहा. सोसायटीच्या उंच स्पीड ब्रेकरला पोट घासणाऱ्या गाडीला दहा मिलिमीटरसुद्धा कमी नाहीत, म्हणून काही जण जाणूनबुजून १८५/६० घेतात, ते तीन टक्क्यांच्या जरा बाहेर जातं. माझी पसंती १९५/५५ आर १५ ला, मधला रस्ता आहे.

२०५ किंवा त्याहून रुंद टायरच्या नादाला लागू नका. कोरड्या रस्त्यावर ग्रिप मिळते हे खरं, पण हलक्या गाडीखाली टायर जितका रुंद तितका पाण्याच्या थरावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे चार महिने रस्त्यावर पाणीच असतं.

रिमची मापं

पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर. सिटी, डिझायर यांना ४×१००, फोर्डच्या आयकॉन, फिएस्टाला ४×१०८, आणि लांबून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात. आठ भोकांचे रिम दोन्हीला चालतात असं म्हणून विकले जातात, ते खरंही असतं, पण भोकं ओढूनताणून बसवायची वेळ आली तर तिथून निघा. नट तिरका बसला की स्टडवर, म्हणजे नट ज्यावर कसतात त्या दांड्यावर, ताण येतो, आणि चालत्या गाडीचा स्टड तुटणं म्हणजे काय ते सांगायला नको.

सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधलं भोक. ते हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या गाडीच्या मधल्या भागावर, बसतं. होंडा सिटीचा हब ५६.१ मिलिमीटर, डिझायरचा ५४.१. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१, म्हणजे सगळ्या गाड्यांना बसावं. ती फट भरायला हब रिंग येते, प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, अगदी स्वस्त वस्तू आहे पण दुकानदार बहुतेक वेळा देत नाही, मागून घ्यावी लागते. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ८०-९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरणार.

आता ऑफसेट, ज्याला रिमवर ईटी लिहिलेलं असतं. रिमच्या रुंदीच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. ईटी कमी झाला की चाक मडगार्डकडे बाहेर येतं, वाढला की आत शॉकअपकडे जातं. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि दुकानदार साडेसहा इंची ईटी ३८ दाखवतोय. हिशोब असा: रुंदी मिलिमीटरमध्ये करून निम्मी करा, बाहेरच्या बाजूसाठी त्यातून ईटी वजा, आतल्या बाजूसाठी ईटी मिळवा. मूळ रिम बाहेर २५, आत ११५. नवा रिम बाहेर ४४.५, आत १२०.५. म्हणजे चाक बाहेरून जवळपास दोन सेंटिमीटर पुढे आलं आणि आतून जवळपास सहा मिलिमीटर सरकलं. जुन्या सेडानच्या मागच्या मडगार्डमध्ये दोन सेंटिमीटर जागा सहसा नसते. त्याऐवजी सहा इंची ईटी ४० घेतला तर बाहेर ११ आणि आत जेमतेम दीड मिलिमीटर, हे बसतं. १९५ च्या टायरला सहा इंची रिम तसंही अगदी योग्य. तुमच्या रिमच्या मागे ईटी आणि रुंदी कोरलेली असते, एक चाक काढून, ब्रशने चिखल साफ करून वाचा. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे घेऊ नका.

नट हा विषय तर लोक धरतच नाहीत. होंडाच्या मूळ रिमला गोलाकार बसणीचे नट लागतात, बाजारातल्या बहुतेक अलॉयला ६० अंशांचे शंकूच्या आकाराचे. गोल नट शंकूच्या खाचेत कसला तर घट्ट लागल्यासारखा वाटतो पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर आणि हळूहळू सैल होतो. आटेही बघा, म्हणजे स्टडची जाडी बाय दोन आट्यांमधलं अंतर, होंडा आणि ह्युंदाईला १२ मिलिमीटर बाय १.५, मारुतीला १२ बाय १.२५. फोक्सवॅगन-स्कोडाला स्टड नसून बोल्ट असतात, तिथे बोल्टची लांबीही जुळली पाहिजे. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती, घालून जागा काढायचा सल्ला कोणी दिला तर मी तरी ऐकणार नाही, स्पेसर जितका जाड तितका स्टड नटात कमी शिरतो. नट हाताने फिरवताना मोजा, १.५ च्या आट्यांना निदान आठ फेरे आणि १.२५ ला दहा फेरे बसले पाहिजेत.

खरेदी

टायरवर आयएसआय मार्क आणि चार आकडी तारीख बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं दुकानात पडलेला टायर नव्याच्या भावात घ्यायचा नाही. रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हे रिमच्या मजबुतीच्या जपानी चाचणीचे शिक्के आणि मॅक्स लोडचा आकडा आहे का ते बघा. काहीच कोरलेलं नसेल तर कितीही सुंदर असो, ठेवून द्या. सेकंड हँड अलॉय चोर बाजारात किंवा कुर्ल्यात मिळतात, वाईट नसतात, पण पैसे द्यायच्या आधी चारही रिम बॅलन्सिंग मशीनवर नुसते फिरवून बघा, कड वर-खाली होत असेल तर वाकलेलं आहे, आणि आतल्या बाजूला रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ दिसली तर बोलणी तिथेच संपवा. जमलं तर वजनही करा. स्वस्त अलॉय मूळ लोखंडी रिमपेक्षा जड निघतात, मग पिकअप आणि मायलेज दोन्ही जातं.

ट्रायल

दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की एक चाक पुढे आणि एक मागे लावून बघितल्याशिवाय बाकीचे टायर चढवायचे नाहीत. एकदा टायर चढला की परत घेत नाहीत.

पुढचं चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. टायर आणि शॉकअपच्या स्प्रिंगची वाटी यांच्यात बोट सहज गेलं पाहिजे. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरवर आणि मागच्या फ्लॅपजवळ खडूने रेघा मारा आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं ठेवूनच दुकानासमोरच्या फुटपाथच्या उतारावर एक चाक हळू चढवा, म्हणजे सस्पेन्शन दाबलं जातं. खडू पुसला गेला तर घासतंय. मागच्यासाठी तीन माणसं मागे बसवा, दुकानातली पोरं हसत हसत बसतात, आणि एका स्पीड ब्रेकरवरून गाडी न्या. उभ्या रिकाम्या गाडीत सगळंच बसतं, त्यावर जाऊ नका.

लायनरला किंचित घासत असेल तर तो हीट गनने मागे सरकवता येतो. पण मागच्या मडगार्डची पत्र्याची कड आत दुमडायला कोणी सुचवलं तर जुन्या गाडीत नकोच म्हणा. रंगाला चिरा जातात आणि समुद्राच्या हवेत नि पावसाच्या पाण्यात तिथून गंज असा पसरतो की पुढच्या वर्षी पत्रा कापायला लागेल. घासत असेल तर टायर किंवा ऑफसेट बदला.

फिटिंग

ट्रायल पास झाली की उरलेलं काम तासाभराचं. हबचा चेहरा वायर ब्रशने गंज निघेपर्यंत घासा, गंजाच्या पापुद्र्यावर रिम सपाट बसत नाही. हब रिंग घाला. नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोर अशा क्रमाने अर्धवट, गाडी खाली घेतल्यावर पूर्ण. न्युमॅटिक गनने धडाधड कसू देऊ नका, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना, मागा. लहान सेडानला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, सिटीला १०८, बाकीच्यांनी मॅन्युअल बघा. स्टडच्या आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, त्याने नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क लावा, नवीन अलॉयवर नट थोडे बसतात.

बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं आतल्या बाजूला लावायला सांगा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून प्रिंटआउट घ्या. हवेची सुरुवात दरवाजाच्या स्टिकरच्या आकड्याने करा, सकाळी गाडी थंड असताना, आणि साइडवॉल मूळच्यापेक्षा कमी झाली असेल तर दोन पीएसआय जास्त ठेवा, खड्ड्यात रिम वाचतो. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज घ्या.

स्टेपनी बहुतेक जण मूळ १४ इंचीच ठेवतात, चालतं, पण दोन गोष्टी पाळा. तिला मूळचे नट लागतात, तेव्हा चार मूळ नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवा, आणि लॉक नट घेतले असतील तर त्याची चावीपण तिथेच. आणि गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर वेगळ्या व्यासाची स्टेपनी पुढे लावून लांब जायचं नाही, डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, सतत ताण येतो. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे आणि स्टेपनी मागे, आणि ८० च्या आत चालवत जवळच्या पंक्चरवाल्याकडे. लोअर परळला असाल की वाशी खाडीपुलावर, हे जॅक दोनदा लावायचं काम जीवावर येतं, तरी करा. पंक्चर निघालं की मोठं चाक परत लावताना नटही परत बदलायचे, आणि त्या चाकाचा टॉर्क घरी आल्यावर पुन्हा बघायचा.